खानदेशात नव्याने रुजू झालात? पाच वर्षांखालच्या मुलांसाठी दवाखाना असा लावा

नंदुरबार, धुळे किंवा जळगाव जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात, उपकेंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात पहिल्यांदाच आलेले वैद्यकीय अधिकारी, सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आणि सिस्टर यांच्यासाठी हे लिहिलं आहे. कॉलेजच्या वॉर्डात अडलं की निवासी डॉक्टर होते, लॅब होती. मोलगी किंवा तोरणमाळच्या बाजूला तुम्ही, एक सिस्टर आणि एक वजनकाटा. तिथे कामाची रीत एकच: मोजा, लिहा, आणि लिहिलेलं घेऊन बोला. मुलाच्या वतीने बैठकीत भांडायचं असेल तरी सुरुवात काट्यापासूनच होते. काटा चुकीचा निघाला तर पहिल्याच प्रश्नाला तुमची बोलती बंद होते.

पहिला आठवडा : टेबल आणि सामान

काटा आधी तपासा. किराणा दुकानातून एक किलोच्या मिठाच्या पाच सीलबंद पुड्या आणा, एकेक करून काट्यावर ठेवा आणि आकडा लिहून घ्या. तेलाची पिशवी वापरू नका. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं आणि चांगला काटा उगाच बदनाम होतो. अंगणवाडीतले काटेही याच पुड्यांनी तपासून घ्या. तुमचा आणि सेविकेचा आकडा जुळत नाही, असं पुढे जे वारंवार होतं, त्याचं कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं. दुसरं कारण कपडे. थंडीत स्वेटर-टोपीसकट वजन केलेलं मूल उन्हाळ्यात उघडं तोललं की 'वजन घटलं' असं दिसतं.

टेबलावर हाताशी ठेवायच्या वस्तू: सेकंदकाटा असलेलं घड्याळ, दंडाचा घेर मोजायची पट्टी, थर्मामीटर, लहान मुलांच्या प्रोबचा पल्स ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर आणि मुदत न संपलेल्या स्ट्रिप्स. शेजारी ओआरएसचा कोपरा: खुणा केलेला एक लिटरचा जग, वाटी, चमचे. अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) नवजात आणि बालक अशा दोन्ही मापांची हवी. मास्क तळहातावर दाबून बॅग दाबा. हवा सुटते का ते आजच कळू द्या, बाळ निळं पडल्यावर नको.

दहा टक्के डेक्स्ट्रोज (शिरेतून द्यायचं ग्लुकोज) बऱ्याच ठिकाणी नसतं, पंचवीस टक्क्यांचे अँप्युल असतात. २५ टक्क्यांचं २० मिली आणि डिस्टिल्ड वॉटर ३० मिली मिळून ५० मिली दहा टक्के होतं. हे भिंतीवर लिहून चिकटवा. साखर घसरलेल्या मुलाला दर किलोला ५ मिली द्यायचं असतं, आणि त्या घाईत तोंडी हिशेब चुकतो.

आधी चार प्रश्न

मूल समोर आलं की खोकला की जुलाब हे नंतर. आधी पाहा: ते काही पिऊ शकतं का, दूध ओढतं का; सगळंच ओकून टाकतं का; झटके आलेत का; सुस्त पडलंय किंवा शुद्ध हरपलीय का. यातलं एकही असेल तर ओपीडीची रांग थांबवा.

विचारायचं कसं, ही खरी अडचण. शहादा-शिरपूरच्या सपाटीवर अहिराणीत 'काय व्हयनं?' म्हटलं की माणूस मोकळा होतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात पावरी आणि भिली चालते, आणि नवापूरकडे मावची. तिथे मराठीतल्या प्रत्येक प्रश्नाला आई मान डोलावते, ते डॉक्टरचा मान राखायला. म्हणून 'दूध पितंय ना?' असं विचारू नका. 'शेवटचं दूध कधी पाजलं?' असं आशाताईमार्फत विचारा, आणि तिथेच पाजायला सांगून स्वतः पाहा. पाहिलेलंच कागदावर लिहा.

श्वास मोजणं

इथे नवे डॉक्टर सगळ्यात जास्त चुकतात, कारण ते सोपं वाटतं. मूल आईच्या मांडीवर शांत हवं. रडत असेल तर थांबा, दूध पाजू द्या. सदरा वर करा आणि पोट-छातीची हालचाल दिसेल असं बसा. पूर्ण ६० सेकंद मोजा. तीस सेकंद मोजून दुप्पट करायचं नाही. तान्ह्या बाळाचा श्वास मध्येच थांबतो, मग भरभर चालतो, त्यामुळे अर्ध्या मिनिटाचा आकडा कुठल्याही बाजूला फसवतो. दोन महिन्यांखालच्या बाळात ६० किंवा जास्त आले तर पुन्हा एकदा पूर्ण मिनिट मोजा.

सीमा अशा: दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन ते बारा महिने ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद. छाती आत ओढली जाते का हे श्वास आत घेताना बघायचं, बरगड्यांच्या खालच्या कडेला. मूल रडताना किंवा नाक चोंदलेलं असताना दिसलं तर त्यावर निष्कर्ष काढू नका; नाक साफ करून पुन्हा बघा. आया याला 'पोट उडतंय' म्हणतात. हे शब्द ऐकले की सदरा वर केल्याशिवाय मुलाला पुढे पाठवू नका.

छातीत सूं-सूं वाजत असेल तर आधी स्पेसरमधून (इनहेलरला जोडायची नळी) साल्ब्युटामॉल द्या, पंधरा-वीस मिनिटांच्या अंतराने तीनदापर्यंत, आणि मग पुन्हा श्वास मोजा. निम्म्या मुलांचा 'न्यूमोनिया' इथेच उतरतो, असं म्हटलं तरी फार अतिशयोक्ती नाही. नंदुरबारात मिरचीच्या हंगामात पथारीवर (मिरच्या वाळवायच्या मैदानावर) राबणाऱ्या बायांची पोरं दिवसभर मिरचीच्या त्या तिखट खाटात असतात. त्यांच्या खोकल्याला अँटिबायोटिक नव्हे, जागा बदलणं लागतं.

दोन महिन्यांवरच्या मुलाचा श्वास जलद आहे, पण धोक्याचं लक्षण नाही, तर अमॉक्सिसिलिन तोंडाने दर किलोला ४० मिग्रॅ, दिवसातून दोनदा, पाच दिवस. २५० मिग्रॅच्या विरघळणाऱ्या गोळ्या असतील तर ४ ते १० किलोच्या आत एक, १० ते १४ च्या आत दोन, १४ ते १९ ला तीन, प्रत्येक वेळी. पहिला डोस समोर पाजा आणि दोन दिवसांनी परत बोलवा. दोन महिन्यांखालच्या बाळाला जलद श्वास असेल तर गोळी देऊन घरी पाठवण्याचा विचार करू नका. तो गंभीर संसर्ग धरून चालायचं.

खोकल्याच्या गोड औषधांबद्दल आमचं मत कडक आहे: पाच वर्षांखाली लिहूच नका. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखाली वापरू नये, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्येच बजावलं. २०२५ मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशात छिंदवाड्यात डायएथिलिन ग्लायकॉल मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने मुलांची मूत्रपिंडं निकामी होऊन मुलं दगावली. गावातल्या मेडिकलवाल्याला हे एकदा समजावून सांगणं हेसुद्धा तुमचंच काम आहे.

डोस मिलीत नव्हे, मिलिग्रॅमात

पॅरासिटामॉल घ्या. दर किलोला १५ मिग्रॅ, सहा तासांच्या अंतराने. दहा किलोच्या मुलाला १५० मिग्रॅ. बाजारात थेंब येतात ते बहुधा १ मिलीत १०० मिग्रॅ. सिरप ५ मिलीत १२५ किंवा २५०. म्हणजे तेच १५० मिग्रॅ थेंबांतून दीड मिली, साध्या सिरपातून ६ मिली आणि दुप्पट ताकदीच्या सिरपातून ३ मिली. चिठ्ठीवर नुसतं 'एक चमचा' लिहिलं आणि घरात थेंबांची बाटली असली तर मुलाला ५०० मिग्रॅ जातं. म्हणून चिठ्ठीवर तीन गोष्टी हव्यात: वजन, मिग्रॅ आणि समोरच्या बाटलीतून किती मिली. सिरिंजवर पेनाने रेघ मारून आईच्या हातात द्या. निमेसुलाइड बारा वर्षांखाली भारतात २०११ पासून बंद आहे, तरी जुन्या चिठ्ठ्यांवर अजून दिसतं.

जुलाब

पावसाळा लागला की रांग याचीच. ओआरएसचं सरकारी मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, मेडिकलमधलं छोटं पाकीट २०० मिलीसाठी. चूक दोन्हीकडून होते. मोठं पाकीट एका पेल्यात कालवलं की मिठाचं प्रमाण पाचपट होतं आणि मूल आणखी सुकतं. दिवसभर पुरावं म्हणून चिमूट-चिमूट घातलं तर उपयोग शून्य. आईला घरातलं भांडं घेऊन यायला सांगा, आपल्या जगमधलं एक लिटर त्यात ओता आणि पाणी जिथवर आलं तिथे खूण करा. कालवलेलं २४ तासांत संपवायचं, उरलं तर फेकायचं.

पाणी कमी झालेलं नसेल तर प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखाली ५० ते १०० मिली, त्यावरच्या मुलाला १०० ते २०० मिली. डोळे खोल, चिडचिड, हावरेपणाने पाणी पिणं, पोटाच्या त्वचेची घेतलेली चिमूट सोडल्यावर हळू सपाट होणं, यातली दोन दिसली तर केंद्रातच थांबवून चार तासांत दर किलोला ७५ मिली. आठ किलोच्या मुलाला ६०० मिली, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा, आणखी सावकाश. 'पोटात काही राहत नाही' म्हणून सलाईन लावलेल्या मुलांत घाईने पाजलेली मुलंच जास्त असतात. मूल सुस्त असेल, पिऊच शकत नसेल तर मात्र शिरेतून आरएल (रिंगर लॅक्टेट सलाईन), दर किलोला १०० मिली: वर्षाखालच्या बाळाला पहिले ३० मिली एका तासात आणि उरलेले ७० पाच तासांत, मोठ्याला ३० मिली अर्ध्या तासात आणि ७० अडीच तासांत.

झिंक १४ दिवस, सहा महिन्यांवर २० मिग्रॅ, दोन ते सहा महिन्यांत १० मिग्रॅ. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबला की गोळ्याही थांबतात, म्हणून चौदाच्या चौदा गोळ्या मोजून द्या आणि आशाताईला रिकामं पाकीट बघायला सांगा. अँटिबायोटिक फक्त रक्त पडत असेल तर. 'सुई नाही तर डॉक्टर कसला' ही तक्रार येणारच. तिला उत्तर म्हणून समोर बसून अर्धा तास ओआरएस पाजून दाखवा.

दंडाचा घेर

सहा महिने ते पाच वर्षांपर्यंत, डावा हात, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध, हात सैल सोडलेला. पट्टी त्वचेला टेकावी, रुतू नये. ११.५ सेंमीच्या खाली तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ च्या आत मध्यम. दोन्ही पायांच्या पाठीवर अंगठा तीन सेकंद दाबून खड्डा पडतो का तेही पाहा. सूज असलेलं मूल गुबगुबीत दिसतं, काट्यावरही वजनदार भरतं, आणि तेच सगळ्यात धोक्यात असतं.

भूक चांगली आणि दुसरा आजार नाही, अशा मुलाला गावातल्या ग्राम बाल विकास केंद्रात ठेवता येतं. भूक गेलेली, सूज, ताप किंवा धोक्याचं लक्षण असेल तर एनआरसीलाच (पोषण पुनर्वसन केंद्रात) पाठवा. तिथे साधारण दोन आठवडे राहावं लागतं आणि आईला बुडीत मजुरी मिळते, हे निघण्याआधीच सांगा; आया मध्येच निघून जातात त्या घरी उरलेल्या पोरांमुळे आणि रोज बुडतो म्हणून. ती पोरं कोण सांभाळणार, हे विचारल्याशिवाय रेफर-चिठ्ठी फाडू नका. आणि एक तांत्रिक गोष्ट: अशा मुलाची चिमूट तशीही हळूच सपाट होते, त्यामुळे 'पाणी कमी' समजून सलाईन लावलं जातं आणि हृदयावर ताण येऊन मूल जातं. शॉक नसेल तर सलाईन नाही.

जेवणाबद्दल भाषण नको. सहा महिन्यांनंतर चमच्यावरून ओघळणारी पेज पोट भरते, बाळ भरत नाही. ज्वारीची किंवा कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी वरणात कुस्करून वर चमचाभर तेल, कुटलेले शेंगदाणे, अंडं, आणि रावेर-यावलकडे तर केळी दारात असतात. अमृत आहार योजनेतली अंडी किंवा केळी प्रत्यक्ष मुलाच्या तोंडात जातात का, हे अंगणवाडीच्या वेळेत जाऊन पाहा.

इथले काही खास धोके

भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. फिकट, कावीळ, हातापायाच्या बोटांना सूज, वारंवार हाडं दुखणं, अशा मुलाची सोल्युबिलिटी चाचणी करा आणि एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या लॅबमधल्या चाचणीने पक्कं करा. सोल्युबिलिटी सहा महिन्यांखाली खोटी निगेटिव्ह येऊ शकते. सिकलसेलच्या मुलाला ताप म्हणजे तातडी. 'व्हायरल असेल' म्हणून घरी धाडू नका. प्लीहा कशी चाचपायची हे आईला शिकवा: अचानक वाढली आणि मूल पांढरं पडलं तर थेट रक्त मिळेल तिथेच.

विंचू चावून हातपाय थंड, घाम, उलट्या: महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुळवलेलं प्राझोसिन, दर किलोला ३० मायक्रोग्रॅम, तोंडाने. साधी १ मिग्रॅची गोळी १० मिली पाण्यात विरघळवली तर १० किलोच्या मुलाला ३ मिली. 'एक्सएल' लिहिलेली (औषध हळूहळू सोडणारी) गोळी फोडायची नाही. मूल आडवंच ठेवा, उचलून उभं केलं तर रक्तदाब कोसळतो. साप चावला तर प्रतिविषाची मात्रा मोठ्या माणसाइतकीच. साप लहान मुलासाठी विष कमी सोडत नाही. रॉकेल प्यायलेल्या मुलाला उलटी करवू नका, नळी घालून पोट धुऊ नका.

नवजात बाळाच्या पोटावर डागण्या दिलेल्या दिसल्या तर आईवर ओरडू नका. ओरडलात तर पुढचं बाळ तुमच्याकडे येणारच नाही. भगताशी बसून एवढंच ठरवा: तुम्ही तुमचं करा, पण बाळ दूध सोडेल त्या दिवशी इकडे पाठवा. हे जमतं.

रेफर करताना

पावसाळ्यात पाडा तुटतो, रुग्ण झोळीत, स्थानिक पत्रकारांच्या भाषेत 'बांबूलन्स'मध्ये, रस्त्यापर्यंत येतो. नर्मदाकाठच्या गावांना बोटीशिवाय पर्याय नसतो. म्हणून निघण्याआधी पहिला डोस दिलेला हवा: तान्ह्याला जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि सोबत अँपिसिलिन. साखर तपासा, बाळ आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून बांधा, शुद्धीत असेल तर वाटेत दूध चालू. चिठ्ठीवर वजन, श्वास, दिलेलं औषध आणि वेळ लिहा. पुढच्या रुग्णालयाला फोन करून खाट आणि ऑक्सिजन आहे का विचारा, आणि ज्याच्याशी बोललात त्याचं नाव वहीत टाका. एक वर्षापर्यंतच्या बाळाला सरकारी रुग्णालयात उपचार, औषध आणि वाहन मोफत आहे, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली. कोणी डिझेलचे पैसे मागितले तर तारीख-वेळेसह तेही त्याच वहीत.

बाजू मांडायची कुठे आणि कशी

त्या वहीचा उपयोग इथे होतो. महिन्याला एकच पान काढा: किती मुलं तपासली, किती रेफर केली, त्यातली किती प्रत्यक्ष पोहोचली, कोणतं औषध किती दिवस नव्हतं, गाडी बोलावल्यापासून किती वेळात आली. तक्रारीचं भाषण कोणी ऐकत नाही. 'झिंक २३ दिवस नव्हतं, त्या काळात जुलाबाची ४१ मुलं आली' अशा एका ओळीला उत्तर द्यावंच लागतं. (हे आकडे उदाहरणाचे, तुमचे तुमच्या वहीतून येतील.)

पान कुठे न्यायचं हे कामावर अवलंबून. खिडकीची जाळी, पाण्याची टाकी, ओआरएस कोपरा यांसाठी रुग्ण कल्याण समिती. गावातली विहीर, शुद्धीकरण, पाड्यावरून रस्त्यापर्यंतची वाट यांसाठी ग्राम आरोग्य समिती आणि ग्रामसभा. अक्कलकुवा-धडगावसारख्या अनुसूचित क्षेत्रात पेसाखालच्या (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) ५ टक्के अबंध निधीत आरोग्य आणि स्वच्छतेला जागा आहे, आणि तो कशावर खर्च करायचा हे ग्रामसभा ठरवते; सरपंचांना ठरावाचा मसुदा लिहून द्या. औषध आणि मनुष्यबळासाठी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र, जावक क्रमांकासह. तोंडी सांगितलेलं कुठेच नोंदलं जात नाही. पत्रात एकच मागणी, शेवटी तुम्ही पुन्हा विचाराल ती तारीख, आणि त्या तारखेला खरोखर विचारा.

बालमृत्यूची नोंद हा नाजूक विषय. मृत्यू कळवला की आशाताईला झापलं जातं, आणि मग पुढचा मृत्यू 'मेलेलंच जन्मलं' म्हणून लिहिला जातो. एकदा जरी श्वास घेतला, हालचाल झाली, तरी तो जिवंत जन्म, आणि त्यानंतरचा तो बालमृत्यू. घरी जाऊन चौकशी करताना 'कोण चुकलं' हा प्रश्न सोडा. लक्षण कधी दिसलं, निघायला किती वेळ गेला, वाटेत किती, दवाखान्यात पोहोचून पहिलं औषध मिळायला किती, एवढं लिहा. उशीर कुठे झाला ते त्यातूनच दिसतं, आणि मागणीही त्याच जागेची करायची.

अठरा वर्षांखालची गरोदर मुलगी किंवा अत्याचाराचा संशय असेल तर पॉक्सो कायदा, २०१२ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. घरच्यांनी लग्न झालंय म्हटलं तरीही. उपचार मात्र त्यासाठी थांबवायचे नाहीत, एफआयआर मागायची नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरने, तिच्या विश्वासातलं माणूस सोबत ठेवून. नाव, फोटो, गाव कुठल्याही व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाही. कुपोषित मुलांच्या फोटोंनाही हाच नियम लावा, बातमी कितीही चांगल्या हेतूची असो.

दिवाळीनंतर

दिवाळी झाली की डोंगरातली कुटुंबं ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला निघतात, होळीच्या सुमारास परततात. त्यामुळे दिवाळीआधीचे दोन आठवडे लसीकरणाचं आणि कुपोषणाचं खरं काम असतं. आशाताईकडून निघणाऱ्या घरांची यादी घ्या, वय बसत असेल तर गोवर-रुबेला आणि राहिलेले डोस तेव्हाच पूर्ण करा. लस दिल्यावर अर्धा तास थांबवा. कार्डाचे फोटो आईच्या आणि मुकादमाच्या मोबाइलवर टाका, यू-विन या सरकारी लसीकरण पोर्टलवर नोंद करा. कार्ड भिजतं किंवा हरवतं, मोबाइल बहुधा सोबत राहतो. तीव्र कुपोषित मूल यादीत असेल तर कुटुंब कुठल्या तालुक्यात चाललंय ते विचारून तिथल्या आरोग्य केंद्राला फोन करा, आणि होळीनंतर परत आल्यावर पहिल्या आठवड्यात त्या मुलाचा दंड पुन्हा मोजा.